‘शिक्षा’: एका शब्दाची दोन घरं

मागच्या व्याख्यानात आपण ‘प्रमाण’ या शब्दाबद्दल बोललो होतो. आज शब्द घेतला आहे ‘शिक्षा’. इतका रोजचा शब्द कशाला, असं काहींना वाटेल. पण ज्या शब्दाकडे आपण थांबून पाहत नाही, त्याच्यात पुष्कळ इतिहास दडलेला असतो, हा आपल्या या मालेचा अनुभव आहे.

सुरुवात एका पाटीपासून करू. सन २०००-०१ पासून केंद्र सरकारने ‘सर्व शिक्षा अभियान’ सुरू केलं. महाराष्ट्रातही शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगवलं गेलं, आणि मराठी माणसाला हसू आलं. ‘सर्वांना शिक्षा? आम्ही काय गुन्हा केला?’ पुढे २०१८ मध्ये त्याचं ‘समग्र शिक्षा’ झालं, तेव्हा ‘आता काहीच शिल्लक ठेवणार नाहीत’ असाही विनोद झाला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. गंमत एवढीच, असं म्हणून आपण पुढे जातो. आज पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं आहे. एकाच शब्दातून एका भाषेत शाळा निघते आणि दुसऱ्या भाषेत तुरुंग, हे कसं होतं? आणि त्यातून शिकवण्याबद्दल आणि दंड देण्याबद्दल आपल्याला काही कळतं का?

प्रथम नकाशा पाहू. हिंदी, बंगाली, उडिया, असमिया, नेपाळी या भाषांत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. गुजरातीतही रोजच्या बोलण्यात दंडच. पण सहजानंद स्वामींच्या १८२६ च्या ‘शिक्षापत्री’ या ग्रंथाच्या नावात जुना उपदेशाचा अर्थ टिकून आहे. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे दंड. तेलुगू आणि मल्याळममध्येही तेच. भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘शिक्षास्मृती’ म्हणत आणि मल्याळममध्ये ‘शिक्षानियम’. हिंदी भाषिकाने हे नाव वाचलं तर शाळांचा कायदा असावा असं त्याला वाटेल.

आता बघा, ही विभागणी भाषाकुलाप्रमाणे नाही. मराठी-गुजराती आर्य कुलातल्या, कन्नड-तेलुगू-मल्याळम द्राविड कुलातल्या. तरी या पाची जणी एका बाजूला. म्हणजे शब्दाचा अर्थ रक्ताने ठरत नाही, शेजाराने आणि व्यवहाराने ठरतो. आणि हिंदी प्रदेशातल्या गुरुजींच्या हातात छडी नव्हती, असंही नाही बरं का! तिथे त्या कामाला ‘सज़ा’ आणि ‘दंड’ हे शब्द होते, एवढंच.

मूळ कुठे आहे? संस्कृतात ‘शक्’ धातू आहे: समर्थ असणे, जमणे. शक्ती, शक्य, शक्यता हे त्याचे परिचित वंशज. या शक् धातूला इच्छेचा अर्थ जोडला की ‘शिक्ष्’ तयार होतो. ‘पिणे’ यावरून ‘पिपासा’, ‘जाणणे’ यावरून ‘जिज्ञासा’, तसा हा प्रकार. म्हणजे शिक्षा या शब्दाचा मूळ अर्थ ‘समर्थ होण्याची इच्छा’, ‘हे मला जमावं’ ही ओढ. ऋग्वेदात हेच क्रियापद इंद्राने भक्ताला द्यावं, साहाय्य करावं अशा अर्थानेही येतं. स्वतः समर्थ व्हावं आणि दुसऱ्याला समर्थ करावं, या दोन्ही छटा तिथे आहेत. दंडाचा कुठे पत्ता नाही.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वं सूक्त बेडकांचं आहे. पावसाळा सुरू झाला, बेडूक ओरडू लागले. एकाचा आवाज दुसरा उचलतो. ऋषी म्हणतो, हे कसं वाटतं? शिकणारा मुलगा गुरूचा शब्द मागून म्हणतो तसं. तिथे मुलासाठी शब्द आहे ‘शिक्षमाण’, आणि गुरूसाठी ‘शाक्त’. ‘शाक्त’ म्हणजे ज्याला येतं तो, ‘शिक्षमाण’ म्हणजे ज्याला यावं असं वाटतं तो. दोघांचा धातू एकच. फरक फक्त ‘येतं’ आणि ‘यावंसं वाटतं’ एवढाच. गुरू-शिष्यांमधलं अंतर याहून कमी शब्दांत सांगितलेलं आमच्या पाहण्यात नाही.

पुढे शिक्षा हे सहा वेदांगांपैकी एका अंगाचं नाव झालं: शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष. तिथे शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचं नावच ‘शीक्षावल्ली’, शी दीर्घ. सुरुवातीला वर्ण, स्वर, मात्रा यांची चर्चा. आणि शेवटाकडे अध्ययन संपवून निघालेल्या विद्यार्थ्याला आचार्यांचा निरोप. त्यात आचार्य एक विलक्षण गोष्ट सांगतात. आमच्यात जे चांगलं वर्तन दिसलं असेल तेवढंच घ्या, बाकीचं घेऊ नका. म्हणजे गुरू स्वतः सांगतो की माझंही सगळं बरोबर नाही. शिक्षा या शब्दाचं हे पहिलं घर. इथे शिकणारा मोठा होऊन बाहेर पडतो आणि त्याने निवड करावी अशी अपेक्षा असते.

मग दुसरं घर कधी बांधलं गेलं? खरं म्हणजे फार लवकर. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, एक छोटा प्रसंग येतो. विद्यार्थ्याने उदात्त स्वर म्हणायचा तिथे अनुदात्त म्हटला, तर खंडिकोपाध्याय त्याला चापट मारतो आणि म्हणतो, तू वेगळंच काहीतरी करतोयस. बघा, विषय कोणता? उच्चार. म्हणजे वेदांगातली शिक्षा. आणि मिळालं काय? मराठीतली शिक्षा. दोन्ही अर्थ एकाच वर्गात, एकाच गालावर. पतंजली ते आश्चर्याने सांगत नाही; रोजचं दृश्य म्हणून सांगतो.

इथे दुसऱ्या एका धातूकडे वळायला हवं, कारण शिक्षेच्या या दुसऱ्या घराचा शेजारी तोच आहे. ‘शास्’ म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे, आणि ताब्यात ठेवणे. या एका धातूपासून शिष्य निघाला, शास्त्र निघालं, शासन निघालं, अनुशासन निघालं. बुद्धाला ‘शास्ता’ म्हणतात, म्हणजे शिकवणारा. आणि आपण ‘महाराष्ट्र शासन’ म्हणतो ते राज्य करणारं. ‘त्याला चांगलं शासन झालं’ असं मराठीत म्हटलं की तो दंड. शास् मध्ये सत्ता पहिल्यापासूनच आहे. शक् मध्ये ती नव्हती. शाळेत दोघे एकत्र नांदले आणि शास् चा गुण शिक्षेला लागला.

गौतम धर्मसूत्र हा जुन्या धर्मसूत्रांपैकी एक ग्रंथ. त्यात शिष्याबद्दल नियम आहे: त्याला न मारता शिकवावं; ते शक्य नसेल तर बारीक दोरीने किंवा बांबूच्या पातळ कांबीने मारावं; आणि दुसऱ्या कशानेही मारलं तर राजाने त्या गुरूला दंड करावा. या नियमात शिष्याला शिकवण्यासाठी आणि गुरूला दंड करण्यासाठी दोन्ही ठिकाणी शास् धातूचीच रूपं आहेत. गुरू शिष्याला ‘शास्’ करतो, राजा गुरूला ‘शास्’ करतो. भाषेला त्यात काही खटकत नाही. नियम मात्र चांगला आहे. गुरूच्या हातालाही वर कोणीतरी आहे, असं तो सांगतो.

मनुस्मृतीतही दोन्ही सूर आहेत. दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की, शिकवणं अहिंसेनेच व्हावं, वाणी गोड आणि मऊ असावी. आठव्या अध्यायात मात्र दोरीने किंवा कांबीने कोणाला मारता येईल त्याची यादी आहे: बायको, मुलगा, दास, चाकर आणि सख्खा भाऊ. आता गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, या यादीत पाठभेद आहे. काही ठिकाणी ‘प्रेष्य’ म्हणजे चाकर असं वाचतात, काही ठिकाणी ‘शिष्य’. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. पण तो पाठभेद टिकला कशामुळे? दोन्ही शब्द त्या यादीत सारखेच शोभतात म्हणून! यादी पुन्हा वाचा. यात कोण आहेत? ज्यांना उठून जाता येत नाही ते.

आता तेच गौतम धर्मसूत्र जरा पुढे वाचू. शिष्याला जपून मारा म्हणणारा हाच ग्रंथ, शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं किंवा लाख ओतावी, असं सांगतो. उच्चारला तर जीभ कापावी म्हणतो. म्हणजे काय झालं? शिक्षेचा मूळ अर्थ ‘समर्थ होण्याची इच्छा’. त्या इच्छेलाच इथे शिक्षा. एकाला चुकीचं शिकल्याबद्दल चापट, दुसऱ्याला शिकावंसं वाटल्याबद्दल शिसं. हे प्रत्यक्ष किती वेळा अमलात आलं, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. पण ग्रंथात नियम म्हणून लिहिलं गेलं, हे पुरेसं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतकं शिक्षेचा एकच अर्थ आला होता, त्यांच्यासाठी दुसरा अर्थ ते मागत होते.

‘सक्ती’ शब्द आला म्हणून एक वळण घेऊ, कारण शब्दांच्या बाबतीत सारखा चेहरा म्हणजे एकच घराणं असं नसतं. शक्ती आणि सक्ती या बहिणी वाटतात. नाहीत. शक्ती शक् धातूची. सक्ती फारसी ‘सख्त’ची, म्हणजे कठीण. ‘शीख’ हा शब्द शिकण्यावरून आला असं वाटतं. तो ‘शिष्य’वरून आला, म्हणजे शास् च्या घरचा. ‘शिक्का’ शिक्षेजवळचा वाटतो. तो अरबी, नाण्याच्या छापाचा. ‘शिकस्त’ हा तर फारच मजेदार. फारसीत आणि उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मोडणं. मराठीत आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणतो, म्हणजे मोडेपर्यंत प्रयत्न केला. उर्दू बोलणारा ऐकेल तर म्हणेल, प्रयत्नात हरले बिचारे. आणि ‘शिस्त’? शाळेत ज्या शब्दाने आपल्याला उभं केलं, तो शिस्त शब्द ‘शिष्ट’चा भाऊ वाटतो. तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ नेम. बाण किंवा बंदूक रोखताना धरतात ती शिस्त. म्हणजे शिस्तीत मुळात मार नाही, लक्ष्यावर नजर ठेवणं आहे. ही माहिती शाळांना कळवायला हरकत नाही.

आता मूळ शब्दाच्या मागे पुन्हा जाऊ. प्राकृतात आणि पालीत तो ‘सिक्खा’ झाला. आपलं ‘शिकणे’ त्याच वाटेने आलं. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांच्या भाषेत आजही ‘सिकवेल’ म्हणजे दाखवतो, शिकवतो. युरोपच्या दुसऱ्या टोकाला आपलं ‘शिकवेल’ ऐकू येतं, हे केवढं नवल!

बौद्धांमध्ये सिक्खा म्हणजे साधना, शील-चित्त-प्रज्ञा यांचं प्रशिक्षण. पंचशीलांना ‘सिक्खापद’ म्हणतात. ती आज्ञा नाही. म्हणणारा स्वतः म्हणतो की मी हे शिकण्याचं पद स्वीकारतो. जैनांमध्ये गृहस्थाची बारा व्रतं आहेत: पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं आणि चार शिक्षाव्रतं. तीही स्वतः घ्यायची. कोणी लादायची नाहीत.

इथून शब्द समुद्रापलीकडे गेला, आणि भारतात जी फाळणी झाली तीच तिथेही झाली. थायलंडमध्ये ‘सुक्सा’ म्हणजे शिक्षण. तिथल्या शिक्षण मंत्रालयाचं नाव ‘शिक्षाधिकार’ या जोडशब्दाचंच थाई रूप आहे. कंबोडियातही हा शब्द शाळेचाच. आणि थाई भाषेत भिक्खू चीवर सोडून घरी परततो, त्याला ‘सिक्खेचा निरोप घेणे’ म्हणतात. निरोप घेता येतो, तिथे तो गुन्हा समजत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरीकडे मलय आणि इंडोनेशियन भाषांत ‘सिक्सा’ म्हणजे छळ, यातना. इस्लामी परंपरेतल्या कबरीतल्या यातनांना इंडोनेशियात ‘सिक्सा कुबुर’ म्हणतात. एक शब्द संस्कृत, एक अरबी. तिथे हा शब्द पहिल्यापासून असा होता का? नाही. पश्चिम जावातल्या सुंदा प्रदेशातलं एक जुनं पुस्तक आहे, ‘सांग्ह्यांग सिक्सा कांदांग कारेसियान’, शके १४४० म्हणजे इसवी सन १५१८ चं. त्यात सिक्सा म्हणजे वागण्याचे नियम, उपदेश. त्या पुस्तकात एक सुंदर भाग आहे: कोणती गोष्ट कोणाला विचारावी. कथा कळायच्या असतील तर कथा सांगणाऱ्याला विचार, स्वयंपाकाचं आचाऱ्याला विचार, परदेशी भाषा दुभाष्याला विचार. ज्याला येतं त्याच्याकडे जा. आपल्या बेडूकसूक्तातला ‘शाक्त’ आठवला ना? तोच विचार, दोन-अडीच हजार वर्षांनी, जावात. आणि आज त्याच बेटावर सिक्सा म्हणजे छळ.

तुम्ही म्हणाल, हा एका शब्दाचा योगायोग असेल. म्हणून ज्यांचा संस्कृतशी या बाबतीत काही संबंध नाही अशा भाषा पाहू. ग्रीकमध्ये ‘पायदेया’ म्हणजे मुलाला घडवणं, शिक्षण, संस्कृती. प्लेटोच्या विचाराचा हा मध्यवर्ती शब्द. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. हिब्रूत ‘मुसार’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ बोधही आणि ताडनही. भाषांतरकारांनी त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी पायदेया वापरला. झालं! हिब्रू शब्दातली छडी ग्रीक शब्दाच्या हातात आली. पुढे नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात पिलात म्हणतो की मी येशूला शिक्षा करून सोडून देतो. तिथलं क्रियापद पायदेयाचंच, आणि अर्थ फटके. त्याच लूकच्या नावावरच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल सांगतो की, माझं शिक्षण गमालिएलच्या पायाशी झालं. तिथेही तेच क्रियापद. एक लेखक, एक क्रियापद. एका जागी गुरुगृह, दुसऱ्या जागी फटके.

लॅटिनमध्ये ‘डिसिप्लिना’ म्हणजे शिकणाऱ्याचा विषय, विद्या. मध्ययुगीन मठांत स्वतःला मारून घ्यायच्या चाबकालाच डिसिप्लिन म्हणू लागले. आजही इंग्रजीत डिसिप्लिन म्हणजे विद्याशाखाही आणि कारवाईही. अरबीत ‘अदब’ म्हणजे शिष्टाचार, पुढे साहित्य. आपणही ‘अदबीने’ म्हणतो. त्याच धातूचं ‘तादीब’ म्हणजे वळण लावणं, आणि शिक्षा करणं. मराठीतच पाहा: ‘धडा शिकवीन’ ही धमकी आहे. ‘अद्दल घडली’ मधला अद्दल अरबीत न्याय होता. या सगळ्या भाषांनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. काही ठिकाणी भाषांतराचा हात आहे, बाकी ठिकाणी ज्या त्या भाषेने आपल्याच अनुभवातून ही वाट काढली.

मग या घसरणीचं सूत्र काय? आपण पाहिलेली उदाहरणं दोन रांगांत लावू. एका रांगेत ऋग्वेदातला शिक्षमाण, निरोप घेणारा स्नातक, शील स्वीकारणारा उपासक, व्रत घेणारा जैन गृहस्थ, चीवर सोडून घरी जाऊ शकणारा थाई भिक्खू. दुसऱ्या रांगेत खंडिकोपाध्यायाचा मुलगा, मनूच्या यादीतले बायको-मुलगा-दास, पिलातासमोरचा कैदी. पहिल्या रांगेत शिकणारा स्वतः आला आहे आणि त्याला जाता येतं. दुसऱ्या रांगेत त्याला जाता येत नाही. शिकवणं आणि मारणं यांच्यामधली भिंत विद्येने बनलेली नसते. ‘नको’ म्हणण्याच्या मोकळिकीने बनलेली असते. ती मोकळीक काढून घेतली की शिकवण्याचे शब्द हळूहळू मारण्याचे होतात.

आता मराठीकडे परत येऊ. आपल्या भाषेने एक केलं, आणि आम्हाला ते प्रामाणिक वाटतं: दोन अर्थांना दोन वेगळे शब्द दिले. एकोणिसाव्या शतकात सरकारी खात्याला ‘विद्याखाते’ म्हणत. पुढे ‘शिक्षण’ रूढ झालं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढली ती ‘रयत शिक्षण संस्था’. लोकमान्यांच्या चरित्रात हे दोन शब्द किती जवळ आले आहेत पाहा. १९०६ च्या सुमारास स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्य यांच्या जोडीने ‘राष्ट्रीय शिक्षण’; आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षं काळ्या पाण्याची ‘शिक्षा’. बंगालमध्ये त्याच चळवळीतून १९०६ मध्ये जी संस्था निघाली तिचं बंगाली नाव ‘जातीय शिक्षा परिषद’. एकच चळवळ, एका प्रांतात शिक्षा दिली म्हणजे शाळा काढली, दुसऱ्या प्रांतात शिक्षा दिली म्हणजे मंडालेला पाठवलं.

शब्द वेगळे झाले, पण प्रश्न मिटला नाही. उलट मराठीत तो जास्त स्पष्ट विचारता येतो. गुन्हेगाराला आपण जे देतो त्याला आपल्याकडे मुख्यतः तीन नावं आहेत: दंड, सजा, शिक्षा. दंड म्हणजे काठी. सत्तेचं चिन्ह, धाक. सजा फारसीतून आली. मूळ अर्थ ‘लायक, योग्य’, म्हणजे ज्याचं जे देणं लागतं ते. आणि शिक्षा म्हणजे शिकवण. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात दंडाच्या ज्या तीन उपपत्ती आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिल्या, त्या मराठीच्या या तीन शब्दांत आयत्या बसलेल्या आहेत! धाकासाठी दंड. केल्या कर्माचं माप म्हणून सजा. कांटचं मत असंच होतं, की माणसाला शिक्षा होते ती फक्त त्याने गुन्हा केला म्हणून, दुसऱ्या कोणाच्या फायद्याचं साधन म्हणून नव्हे. आणि तिसरी सुधारणेची. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादात प्रोटॅगोरस म्हणतो, झालेली गोष्ट परत फिरत नाही. शहाणा माणूस दंड देतो तो पुढच्यासाठी, त्याने पुन्हा करू नये आणि पाहणाऱ्यानेही करू नये म्हणून. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आणि त्यावरून तो निष्कर्ष काढतो की ज्या अर्थी लोक दंड देतात, त्या अर्थी सद्गुण शिकवता येतो असं ते मानतातच.

आता विचार करा. मराठी माणूस न्यायालयाच्या निकालाला ‘शिक्षा’ म्हणतो तेव्हा, नकळत का होईना, तो एक वचन देत असतो: या माणसाला इथून काही शिकायला मिळेल. दहा वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला काय जमू लागलं, असा प्रश्न त्या शब्दाने आपल्यावर टाकला आहे. काहीच जमू लागलं नसेल, तर जे दिलं तो दंड होता, सजा असेल, शिक्षा नव्हती.

हे वचन पाळण्याचा एक प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भोवती तुरुंगाची भिंत नाही. शेती करायची, कुटुंबासह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. आपण आत्ता जी मोकळिकीची भिंत म्हटली, तिची इथे कसोटी होती. कैदी पळून जाऊ शकत होता, आणि म्हणूनच त्याचं थांबणं त्याचं स्वतःचं होतं. शिक्षा शब्दाला तिथे पहिल्या घराचा रस्ता पुन्हा सापडला.

कायद्यातही हळूहळू बदल दिसतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात कलम १७ आहे: मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा हा शिक्षेचा एक नवा प्रकार आला आहे. कायदा झाला म्हणजे वर्ग बदलला असं नाही. चापट अजून पूर्ण थांबलेली नाही, हे आपण सगळे जाणतो. पण पतंजलीने जे दृश्य सहज सांगितलं, ते आज सहज सांगता येत नाही. सांगणाऱ्याला खाली बघावं लागतं. हा फरक लहान नाही.

अधिनियमाच्या नावातली ‘सक्ती’ मुलावर नाही, शासनावर आहे. मुलाला शाळा मिळालीच पाहिजे ही सक्ती. मुलाच्या बाजूने उरते ती शक्ती, म्हणजे ‘मला यावं’ ही इच्छा. ती इच्छा शिकवणाऱ्याला निर्माण करता येत नाही. तिला मारू नये एवढं मात्र त्याच्या हातात असतं. पन्नास मिनिटांच्या तासात एवढं साधलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या व्याख्यानासाठी ‘संसार’ हा शब्द घेऊ. हिंदीत ते सगळं जग, मराठीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कोणाच्या घरात, कोणाच्या बोलीत ‘शिक्षा’ शब्दाचा आणखी वेगळा वापर ऐकला असेल तर जरूर सांगा. प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे.